खार्पच्या तुरुंगात पत्र पाठवायचं असेल तर

मी ३४ वर्षं आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, सॉर्टिंगला काढली. सोलापूर स्टेशनवर रात्रपाळीत बॅगा फोडायच्या, पत्रं खणांत टाकायची, परत बॅगा बांधायच्या. त्यामुळे ‘काका, रशियातल्या तुरुंगात राजकीय कैद्यांना पत्र जातं का हो?’ असं कुणी विचारलं की मला आधी राजकारण सुचत नाही, पिनकोड सुचतो. तर, जातं. आमच्या चौघांच्या गटाची दोन वर्षांत ११ पत्रं गेली आणि २ उत्तरं आली. हल्ली विचारणारे वाढलेत आणि प्रत्येकाला फोनवर सांगताना अर्धा तास जातो, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो.

आधी जागा समजून घ्या. जागा कळली नाही तर पत्रात भलतंच लिहाल.

रशियाच्या वायव्य सैबेरियात यमालो-नेनेत्स नावाचा प्रदेश आहे. त्याची राजधानी सालेखार्द बरोबर आर्क्टिक वृत्तावर बसलेली. ओब नदीच्या पलीकडे लाबित्नांगी आणि तिथून पुढे डोंगराच्या पायथ्याशी खार्प. आर्क्टिक वृत्ताच्या थोडं उत्तरेला, मॉस्कोपासून १,९०० किलोमीटरच्या आसपास. गाव चिमुकलं आणि तुरुंग दोन. एकाला लोक ‘ध्रुवीय लांडगा’ म्हणतात. दुसरं ‘ध्रुवीय घुबड’, तिथे जन्मठेपेचे कैदी. लाबित्नांगीतही एक तुरुंग आहे, त्याचं टोपणनाव ‘पांढरं अस्वल’. नावं ऐकून सर्कस वाटेल. खार्प या शब्दाचा अर्थ मात्र तिथल्या नेनेत्स लोकांच्या भाषेत ‘उत्तरेचा प्रकाश’, तो आकाशात हिरवा पडदा हलतो तो.

रेल्वेच्या माणसाला न राहवणारी एक गोष्ट सांगतो. मॉस्कोकडून खार्पला येणारी लाइन कैद्यांनी टाकलेली आहे. १९४७ साली स्टालिनने उत्तरेच्या बर्फातून रेल्वे न्यायचं ठरवलं. या पश्चिमेकडच्या कामाचं नाव ‘बांधकाम क्रमांक ५०१’. सालेखार्दपासून इगार्कापर्यंत रूळ जायचे होते. १९५३ मध्ये स्टालिन मेला आणि काम बंद पडलं. पुढचे रूळ चिखलात वाकून पडले, अलीकडचा लाबित्नांगीपर्यंतचा तुकडा तेवढा चालू राहिला. खार्पचा तुरुंग १९६१ चा, त्याच कामाच्या जुन्या छावणीच्या जागेवर उभा राहिलेला. मी आयुष्यभर मेलगाडीच्या डब्यातनं उतरलेल्या बॅगा मोजल्या, पण रूळ कुणी टाकले हे कधी मनातही आलं नव्हतं.

खार्पचं नाव जगाला कळलं ते पुतिनचा विरोधक नेता अलेक्सेई नवाल्नीमुळे. डिसेंबर २०२३ मध्ये त्याला आधीच्या तुरुंगातून हलवलं. सुमारे तीन आठवडे वकिलांना पत्ताच नाही, २५ डिसेंबरला सापडला तो थेट इथे. पुढे त्याने पत्रातून कळवलं की पहाटे साडेसहाला फिरायला काढतात, फिरायची जागा ११ पावलं लांब नि ३ पावलं रुंद आणि आत्तापर्यंतची थंडी उणे ३२. ते सुद्धा चेष्टेच्या सुरात. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी तो तिथेच वारला, वय ४७. दोनच दिवस आधी त्याला पुन्हा शिक्षेच्या कोठडीत घातलं होतं, २७ व्या वेळी. या कोठडीला रशियन लोक ‘शिझो’ म्हणतात. एका वेळेला जास्तीत जास्त १५ दिवस असा नियम आहे, पण १५ संपले की पुन्हा १५ देता येतात. खाट पहाटे भिंतीला लावून कुलूपबंद करतात, दिवसभर पडायचं नाही. शर्टाचं बटण उघडं राहिलं, एवढंही कारण पुरतं.

त्याच्या आधी २०१८ मध्ये लाबित्नांगीच्या ‘पांढऱ्या अस्वला’त ओलेग सेन्त्सोव हा क्रिमियाचा सिनेमावाला १४५ दिवस उपोषणाला बसला होता. मागणी स्वतःच्या सुटकेची नव्हतीच, रशियात अडकलेल्या सगळ्या युक्रेनी राजकीय कैद्यांच्या सुटकेची होती. सप्टेंबर २०१९ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तो सुटला.

आता कामाचं बोलू.

कुणाला लिहायचं

नावाजलेल्या माणसाला लिहू नका. त्याला पोत्याने पत्रं येतात. ज्या शिक्षकाला, नर्सबाईला किंवा गॅरेजवाल्याला सोशल मीडियावरच्या एखाद्या पोस्टवरून सहा-सात वर्षं पडली आहेत, त्याला महिना-महिना कुणी विचारत नाही. ‘मेमोरियल’ ही मानवी हक्कांची संस्था रशियन कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये बंद करायचा हुकूम दिला. पुढच्याच वर्षी तिला शांततेचं नोबेल मिळालं. तिच्या माणसांनी राजकीय कैद्यांची यादी ठेवायचं काम सोडलेलं नाही. ‘ओव्हीडी-इन्फो’ही अशा माहितीचं काम करते. यादीत माणसाचं पूर्ण नाव, जन्मसाल आणि सध्याचा तुरुंग पाहा. ‘सध्याचा’ हा शब्द महत्त्वाचा. कैद्याला एका तुरुंगातून दुसरीकडे नेतात त्याला ते ‘एताप’ म्हणतात. त्यात आठवडे जातात आणि माणूस कुठे आहे ते घरच्यांनाही सांगत नाहीत. पत्र टाकायच्या दिवशी पत्ता पुन्हा पडताळा. आमचं तिसरं पत्र याच चुकीने गेलं. पंधरा दिवसांपूर्वी उतरवून घेतलेला पत्ता मी तसाच लिहिला. सॉर्टरने हे करावं! सुटलेल्यांची नावंही बघत जा. १ ऑगस्ट २०२४ च्या मोठ्या अदलाबदलीनंतर आम्ही एक तयार पाकीट आनंदाने फाडलं.

आधी एकच माणूस धरा. दहा जणांना एकेक पत्र टाकण्यापेक्षा एकाला पाच टाका.

नाव

हा भाग मराठी माणसाला फुकटात जमतो. रशियन नावात मधलं नाव वडिलांचं असतं, आपल्यासारखंच. नवाल्नीचं पूर्ण नाव अलेक्सेई अनातोल्येविच, म्हणजे वडील अनातोली. मुलगी असेल तर शेवट बदलतो, अनातोल्येव्ना. अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला आडनावाने हाक मारत नाहीत. स्वतःचं नाव नि वडिलांचं नाव जोडून बोलावतात, तो मान. त्यांच्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असे दोन शब्दही आहेत, ‘ती’ आणि ‘वी’. पहिल्या पत्रात ‘वी’च पाहिजे. भाषांतराच्या यंत्राला इंग्रजीतून दिलं की हा फरक पुसला जातो आणि साठीच्या बाईला आपण ‘काय गं’ म्हणून बसतो.

भाषा

पत्र रशियन भाषेत, रशियन लिपीत हवं. तुरुंगात येणारं प्रत्येक पत्र सेन्सॉर वाचतो. परक्या भाषेतलं आधी भाषांतराला जातं, लांबतं, नाहीतर कुठल्या तरी खणात पडून राहतं. आमच्यात एक स्नेही पूर्वी पुण्यात रशियन शिकलेले आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते फक्त तपासतात. मूळ भाषांतर आम्ही मोबाइलवरच करतो. त्यासाठी मराठी वाक्यं अशी लिहायची की यंत्राला चकवा बसू नये. वाक्य आखूड. म्हण नको, ‘डोकं खाणं’ वगैरे तर नकोच. मग आलेलं रशियन परत मराठीत फिरवून वाचायचं.

पहिल्या पत्राच्या वेळी आम्ही हे उलट वाचन केलं नाही. मी लिहिलं होतं, ‘संक्रांतीला आम्ही सगळे गड्ड्याला जातो.’ सोलापूरकराला सांगायला नको, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. यंत्राने गड्डा म्हणजे खड्डा केला. पत्र गेल्यावर स्नेह्यांनी भिंग लावून प्रत वाचली आणि हसत सुटले. खड्ड्याला रशियनमध्ये ‘यामा’ म्हणतात. म्हणजे ‘दर जानेवारीत आमचं अख्खं गाव कुटुंबासकट यामाकडे जातं आणि तिथे फार मजा येते’ असं मी आर्क्टिकमधल्या कैद्याला कळवलं होतं.

काय लिहायचं

इथे मला जरा वेळ द्या, कारण लोक सगळ्यात जास्त इथेच अडतात.

माझे वडील आणीबाणीत मिसाखाली आत होते. १९७५ च्या पावसाळ्यात नेले, १९७७ मध्ये सोडले. मी तेव्हा नऊ वर्षांचा. ते वारल्यावर त्यांचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा मी उघडला, त्यात तुरुंगात आलेली १४ पत्रं निघाली. बहुतेक सगळी कार्यकर्त्यांची. ‘इतिहास तुमची नोंद घेईल’, ‘अंधार फार काळ टिकत नाही’, असली. ती कडक, कोरी करकरीत, एकदा वाचून ठेवलेली. एक पोस्टकार्ड मात्र मधोमध दुमडून दुमडून फाटलेलं आणि मागून कागद चिकटवलेलं. ते आमच्या शेजारच्या पद्मशाली अक्कांचं. त्यांना लिहिता येत नव्हतं, मुलाकडून लिहून घेतलेलं: ‘तुमच्या दारच्या सीताफळाला यंदा सात फळं धरली. दोन पोरांनी पाडली. पाच मी राखायलेय. तुमचा धाकटा माझ्याकडंच जेवतो, भाकरी दोन खातो.’

वडील सांगायचे, रात्री झोप आली नाही की ती पाच फळं कुठल्या फांदीवर असतील ते ते ठरवत बसत. मला वाटायचं, गंमत करतात.

म्हणून आमच्या गटाचा नियम: पत्रात एक तरी मोजता येईल अशी वस्तू असली पाहिजे. धीर देऊ नका. कौतुक करायचं तर एका ओळीत. ‘तिथे फार थंडी असेल ना?’ हे विचारू नका, त्याला ते आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि उत्तर लिहिलं तर सेन्सॉर काळं करणार. आपल्या उन्हाचं लिहा. मे महिन्यात दुपारी बाराला नवी पेठेत शटर अर्धी खाली कशी येतात, गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला कसं चटका देतं. आर्क्टिकमधल्या माणसाला उन्हाचं लिहिणं क्रूरपणा होईल अशी आमच्यातल्या एका ताईंना भीती होती. पुढे उत्तर आलं त्यात पहिला प्रश्न उन्हाचाच होता.

आमच्या चौथ्या पत्राचा मराठी खर्डा जसाच्या तसा देतो. यात नाव तेवढं गाळलंय.

‘पत्र क्रमांक ४. सोलापूर, २ मार्च. नमस्कार. मी भारतातला निवृत्त टपाल कर्मचारी आहे. आमचं शहर चादरींसाठी प्रसिद्ध आहे. माझ्या घरामागे एक कारखाना आहे, त्यात १२ यंत्रमाग आहेत. सकाळी आठला ते एकामागून एक सुरू होतात. मी डोळे मिटून मोजतो. आज ११ सुरू झाले. बाराव्याचा विणकर मुलीच्या लग्नाला गेला आहे. आम्ही ज्वारीची पातळ भाकरी करून वाळवतो. ती कडक होते आणि खूप दिवस टिकते. शेंगदाण्याच्या तिखट चटणीबरोबर खातो. माझी पत्नी म्हणते की मी चटणी जास्त खातो. ते खरं आहे. तुमच्या गावी घरी कोणती भाकरी किंवा पाव करत? उत्तर लिहिणं शक्य नसेल तर काळजी करू नका. मी पुढच्या महिन्यात पुन्हा लिहीन.’

एवढंच. एक पान. ‘उत्तर नाही आलं तरी चालेल’ हे वाक्य प्रत्येक पत्रात ठेवा, कारण त्याला पाकीट, तिकीट आणि कागद मिळेलच असं नाही, आणि शिझोत असेल तर लेखणीसुद्धा दिवसातून थोडा वेळच हातात देतात. आणि पुन्हा लिहीन म्हटलं तर लिहा. नसेल जमणार तर ते वाक्य घालू नका.

पत्राला क्रमांक द्यायचाच. ‘पत्र क्रमांक ४’ हाती आलं आणि ३ आलं नसेल तर मधलं कुठे तरी अडलं हे त्याला आपोआप कळतं, आणि सेन्सॉरलाही कळतं की कुणी तरी मोजतंय. पाठवलेल्या प्रत्येक पत्राचा फोटो काढून ठेवा.

काय लिहायचं नाही

युद्ध, सरकार, त्याचा खटला, त्याचे वकील, इतर कैदी, कुठल्याही संस्थेचं नाव. संस्थेचं नाव का नाही? रशियात काही संस्था ‘नकोशा’ ठरवल्या आहेत, त्यांच्याशी संबंध हाच तिथे गुन्हा. आपण सोलापुरात सुखात, भोगणार तो. आकड्यांच्या रांगा, नकाशे, कोड वाटेल असं काहीही नको. शेरलॉकगिरी करणाऱ्या एका कॉलेजच्या पोराने प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर जुळवून ‘स्वातंत्र्य’ काढलं होतं. त्याला चहा पाजून परत पाठवला.

चिकटवलेलं, चमचमणारं, सुवासिक काही नको. स्टेपलरची पिनही नको. कागद आणि फार तर एखादा साधा फोटो किंवा पिक्चर पोस्टकार्ड. आम्ही सिद्धेश्वर तलावाचं पाठवतो. ताईंना चादरीचा चार बोटांचा तुकडा घालायचा होता, मोराच्या नक्षीचा. मन मोडलं त्यांचं, पण नाही घातला. वस्तू घातली की ते पत्र राहत नाही, कस्टमचा कागद लागतो आणि तुरुंगाच्या दारात अख्खं पाकीटच परत फिरू शकतं.

पाकीट आणि पोस्ट

पत्ता रशियन लिपीत, छापील अक्षरांसारखा सुटा सुटा. शक्यतो छापून चिकटवण्यापेक्षा पाकिटावर थेट प्रिंट काढा. त्यांचाही पिनकोड सहा आकडी आहे, आपल्यासारखाच, आणि सगळं पाकीट त्या सहा आकड्यांवर चालतं. ते एकदा लिहून दुसऱ्या माणसाकडून ताडून घ्या. कैद्याच्या नावापुढे जन्मसाल लिहा, एकाच तुरुंगात एकाच नावाचे दोघे असू शकतात. सगळ्यात खाली देशाचं नाव इंग्रजीत मोठ्या अक्षरात, कारण मुंबईच्या परदेशी टपालात बसलेल्या माझ्या भाऊबंदाला रशियन लिपी वाचता येत नाही. डावीकडे आपला पत्ता, ४१३ ने सुरू होणाऱ्या पिनकोडसकट. निनावी पत्र पाठवू नका.

हेड पोस्टातच जा. काउंटरवर वजन करून दर विचारा. तिकिटं लावून डोळ्यांदेखत शिक्का मारून घ्या, नाहीतर छान तिकीट वाटेतच कुणी तरी संग्रहाला काढून घेतं. मी नावं घेत नाही, पण खात्यात होतो.

दुसरा मार्ग इंटरनेटचा. रशियन तुरुंगांना ऑनलाइन पत्र पाठवायची सोय आहे, त्यात उत्तराच्या पानाचे पैसे आगाऊ भरता येतात. पण व्हिसा आणि मास्टरकार्डने मार्च २०२२ मध्ये रशियातलं काम थांबवल्यापासून आपलं कार्ड तिथे चालत नाही. परदेशातून आलेली पत्रं छापून किंवा त्या यंत्रणेत घालून पुढे पाठवणारे स्वयंसेवक आहेत. आमच्या ११ पैकी ५ अशी गेली आणि दोन्ही उत्तरं त्यांतलीच. टपाल खात्याचा माणूस म्हणून मला हे लिहिताना जिवावर येतं, पण खरं ते खरं.

एक गोष्ट मुळीच करायची नाही

सोलापूर जिल्ह्यातली बरीच पोरं रशियात एमबीबीएसला आहेत. त्यांना यात ओढू नका. माझी भाची तिकडेच शिकते. सुरुवातीला मला वाटलं, काय सोपं काम, तिला पीडीएफ पाठवावी, तिने तिथलं तिकीट लावून डब्यात टाकावं. मी व्हिडिओ कॉलवर तसं म्हणालोही, मोठ्या उत्साहात. ती काही क्षण गप्प राहिली आणि एवढंच म्हणाली, ‘मामा, मला हितं अजून चार वर्षं काढायचीत. आईला फोन दे.’ रात्री बायकोने माझी जी हजेरी घेतली ती वेगळी. परक्या मुलुखात व्हिसावर राहणाऱ्या पोरीच्या फोनवर मी असं बोलायला नको होतं. तुम्ही बोलू नका.

उत्तर आलं तर

लगेच फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. पत्र त्याचं आहे, त्याच्या घरच्यांना त्रास होऊ शकतो. म्हणूनच मी इथे नाव, तुरुंग, काहीच सांगत नाही.

आमचं पहिलं उत्तर सात महिन्यांनी आलं, स्वयंसेवकांकडून, हस्ताक्षरातल्या पानाचा स्कॅन. वरच्या कोपऱ्यात सेन्सॉरचा शिक्का. मधल्या दोन ओळी काळ्या. आम्ही चौघे चार हुतात्मा पुतळ्याजवळ भेटलो, कारण ताईंच्या घरून आणि माझ्या घरून ते सारखंच अंतर पडतं. वर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. १९३० च्या मार्शल लॉनंतर पकडलेले आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलेले आपलेच चौघे. स्नेह्यांनी बाकावर बसून, भिंग लावून, एकेक ओळ मराठीत सांगितली.

ऊन लागतं तेव्हा वास येतो का, असं विचारलं होतं. कडक भाकरी दाताने मोडते की हाताने, तेही. आईच्या हातच्या काळ्या पावाचं चार ओळी होतं, त्यातच त्या दोन काळ्या केलेल्या. पावात असं काय होतं कुणास ठाऊक. आणि शेवटी: ‘तुमच्या पहिल्या पत्रातली ती खड्ड्यातली जत्रा मी इथल्या दोघांना वाचून दाखवली. आम्ही बरेच दिवस त्यावर चर्चा केली. खड्डा किती खोल आहे? त्यात खाली काय विकतात?’

पुढच्या पत्रात मी खुलासा लिहायला घेतला होता: सिद्धेश्वर, ६८ लिंगं, सात नंदीध्वज, अक्षता सोहळा, सगळं आखूड वाक्यांत. ताई म्हणाल्या, खुलासा करा, पण आधी त्यांनी विचारलंय त्याचं उत्तर द्या. म्हणून पहिली ओळ अशी गेली: ‘खड्डा खोल नाही. खाली पाळणे, बांगड्या आणि गरम भजी विकतात.’